विषय: वेगस – १० चं ६:५ की १५ चं ३:२? आज रात्रीपर्यंत सांगा

प्रेषक: शिरीष

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या होम मैदानावरून लिहितोय, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत रेंज येते-जाते, तेव्हा थोडक्यात. मार्चच्या वेगस सहलीच्या हॉटेलचं बुकिंग आज रात्रीपर्यंतच फुकट रद्द करता येईल. स्ट्रिप (मोठ्या हॉटेलांचा रस्ता) ठेवायची की डाउनटाउनला, फ्रीमाँट स्ट्रीटला जायचं?

ग्रँड कॅनियनच्या बसचं ठरलंय, ते पुन्हा उकरू नका. प्रश्न फक्त ब्लॅकजॅक (२१ जमवायचा पत्त्यांचा खेळ) खेळणाऱ्या सहा ज्येष्ठांचा आहे. प्रत्येकी २०० डॉलर, वर एक सेंट नाही, हे रेखाताईंसमोर कबूल झालंय. स्ट्रिपवरच्या आपल्या हॉटेलात १० डॉलरचं (दर हाताला कमीत कमी १० लावायचं) टेबल आहे, पण पहिल्या दोन पानांतच २१ झाले, म्हणजे ब्लॅकजॅक आला, की ६:५ देतात, पाचाला सहा. डाउनटाउनला १५ चं, ३:२ वालं (दोनाला तीन) मिळतं म्हणे. बाबा म्हणतात, कमी पैशाचं तेच स्वस्त. अण्णा म्हणतात, नाही. दोघंही जेवायला बसायला तयार नाहीत आणि आई माझ्यावर चिडलीय.

शिरीष (३० तारखेपर्यंत मुक्काम सात रस्ता)

प्रेषक: नंदू काका

शिरीष,

अण्णांचं बरोबर आहे. बाबांना हा मेल वाचून दाखव.

पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान, हा योग साधारण २१ हातांत एकदा येतो. १५ लावले असतील तर ३:२ वर साडेबावीस मिळतात, ६:५ वर १८. म्हणजे दर ब्लॅकजॅकला साडेचार डॉलर कॅसिनोने गुपचूप ठेवून घेतले. बेसिक स्ट्रॅटेजीप्रमाणे (कुठल्या पानांवर काय करायचं याचा ठरलेला तक्ता) नीट खेळणाऱ्याला ३:२ च्या टेबलावर हाउस एज, म्हणजे लावलेल्या पैशातला कॅसिनोचा सरासरी वाटा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास पडते. डीलर (कॅसिनोतर्फे पानं वाटणारा) सॉफ्ट १७ वर, म्हणजे एक्का अकरा धरून झालेल्या १७ वर, पान घेत असेल तर आणखी ०.२ धरा. ६:५ केलं की त्यात जवळजवळ १.४ टक्क्यांची भर पडते, म्हणजे एकूण दोनच्या घरात.

तासाला ७० हात धर. १० च्या टेबलावर ७०० डॉलर फिरले, दोन टक्क्यांनी १४ गेले. १५ च्या टेबलावर १,०५० फिरले, ०.६ ने सहा-साडेसहा गेले. महाग दिसतं ते टेबल निम्म्याहून स्वस्त आहे. वर्गात हे गणित घातलं असतं तर निम्मी मुलं बाबांसारखंच चुकली असती.

नंदू काका

प्रेषक: बसवराज

काका, सरासरी बरोबर हाय, पण सरासरी यायला माणूस टेबलावर बसलेला पाहिजे की. २०० डॉलर म्हणजे १५ चे १३ हात. आठ-आठ आले, डीलरचं सहा. फोडून दोन हात करायचेच, ते काय पुस्तकातच हाय. एका आठावर तीन आलं, झाले अकरा, त्यावरचे पैसे डबल करायचे. एका हातात ४५ डॉलर अडकले. असं दोनदा हरलं की बाबा सकाळी साडेदहाला लॉबीत येऊन बसणार आणि दिवसभर मला फोन करणार, 'चल, कुठंतरी जाऊ.'

मी वेगसलाच राहतो, गाडी माझीच लागणार हाय. म्हणून बोलायलोय.

प्रेषक: नंदू काका

बसवराज, शिरीषने स्वस्त काय ते विचारलं होतं. टिकेल काय, हे विचारलंच नव्हतं. टिकण्याचं वेगळं गणित आहे. ७० हातांत साधारण चढ-उतार नऊ-दहा हातांच्या पैशांएवढा असतो. १० च्या टेबलावर तासाला ९५ डॉलर इकडे-तिकडे, १५ च्या टेबलावर १४५ च्या आसपास. तेव्हा २०० मध्ये तास-दोन तासांत रिकामं होण्याची शक्यता १५ च्या टेबलावर खरंच जास्त. पण म्हणून ६:५ ला बसायचं? ते मला पटत नाही. तिथे पैसे हळू जातील, पण जातील नक्की.

प्रेषक: रेखा (कोषाध्यक्ष)

सर्वांना,

१. हे २०० डॉलर ज्याचे त्याचे आहेत. मंडळाच्या खात्यातून चिप्स घेतल्या जाणार नाहीत, नंतर 'अ‍ॅडजस्ट' तर अजिबात नाही.

२. मंडळाच्या या ई-मेल लिस्टवर लिहिण्यासाठी चालू वर्षाची वर्गणी भरलेली असावी, हा नियम सर्वसाधारण सभेत झालेला आहे. सोलापूरला कायमचे परत गेलेल्या ज्येष्ठांनाही तो लागू आहे. कुणाचं नाव घेत नाही.

रेखा

प्रेषक: नंदू काका

घेतलंत की.

ज्या वर्षी गणपतीला हॉल मिळत नव्हता त्या वर्षी गॅरेज कुणाचं होतं, ते कार्यकारिणीने जुन्या इतिवृत्तात पाहावं. वर्गणी आज रात्री पाठवतो.

प्रेषक: वकील काका

मूळ मुद्द्याकडे येतो. एवढा खर्च करून वेगसला जायचंच कशाला? २०२५ पासून सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याला विमान सुरू झालंय. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत, तिथे खरा डीलर, खरं टेबल. जमिनीवरच्या हॉटेलांत फक्त यंत्रांचे खेळ, टेबल हवं तर बोटीवरच जावं लागतं. आपल्या महाराष्ट्राने १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. नाहीतर आज सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन सकाळी खेळून रात्री परत आला असतात.

प्रेषक: श्रीनिवास

वकील काका, सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर जीएसटी २८ चा ४० टक्के झालाय आणि तो चिप्सच्या खरेदीवर लागतो. इथं नंदू काका अर्ध्या टक्क्यासाठी भांडायलेत आणि तुम्ही ४० टक्क्यांच्या बोटीत बसवायलाव! शिवाय आत जायचेच पैसे घेतात. जेवण-दारू त्यात धरलेली असते, पण आपले सहाच्या सहा माळकरी. वेगसला कॅसिनोत शिरायला पैसे पडत नाहीत, नुसतं फिरा, कोणी विचारत नाही.

प्रेषक: वकील काका

सहाच्या सहा माळकरी नाहीत. एवढंच लिहितो.

प्रेषक: माधुरी वहिनी

शिरीष, तू हॉटेलचं विचारलंस आणि त्यावर कोणी बोलतच नाही.

धुराचा विचार केलास का? नेवाडात कॅसिनोत सिगारेट चालते आणि सासूबाईंना दमा आहे. स्ट्रिपवर पार्क एमजीएम २०२० पासून पूर्ण धूरमुक्त आहे, तिथे त्या निवांत बसू शकतील. फ्रीमाँट स्ट्रीटला जुने कॅसिनो, छतं बुटकी, धूर कोंडतो. आणि थंडी! एसी इतका असतो की मागच्या वेळी मामंजी सोलापुरी चादर गुंडाळून टेबलाशी बसले होते. डीलर विचारत होती, कुठे मिळते. मामंजींनी तिला चाटीगल्लीतल्या दुकानाचा पत्ता दिला.

खेळाबद्दल माझं एकच म्हणणं. भरलेल्या टेबलावर बसवा. एकटा माणूस डीलरसमोर बसला तर तासाला २०० हात होतात. सात जण असले की ५०-६०. तेवढेच पैसे जास्त वेळ पुरतात, आणि पुरुषांना गप्पाच मारायच्या असतात. फक्त शेवटच्या खुर्चीवर, जिच्यानंतर डीलर पान घेते, मामंजींना बसवू नका. त्यांनी १२ वर डीलरचं दोन असताना पान घेतलं, जे बरोबरच आहे, आणि पुढे डीलर जिंकली म्हणून शेजारचा गृहस्थ पंधरा मिनिटं त्यांच्यावर ओरडत होता.

प्रेषक: नंदू काका

शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाने काय केलं याने इतरांचं लांब पल्ल्यात काहीही बिघडत नाही. जितक्या वेळा बिघडतं तितक्याच वेळा सुधारतं. सुधारल्यावर कोणी आभार मानत नाही, एवढाच फरक. मामंजींना सांगा, बिनधास्त बसा.

प्रेषक: श्रीनिवास

हे सगळं माहीत असणाऱ्यांना सोडून सहा जणांसाठी सांगतो, प्रिंट काढून द्या. पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे, तो मोजून चिप्स देतो. पान हवं तर बोटाने टेबल टोकायचं, नको तर तळवा हलवायचा, कारण वरचा कॅमेरा हात बघतो. 'दे, दे' म्हणून उपयोग नाही. पानं वाटल्यावर आपल्या चिप्सना हात लावायचा नाही. डीलरचा एक्का दिसला की इन्शुरन्स (त्याला ब्लॅकजॅक येईल यावरची वेगळी पैज) विचारतील, तेव्हा नको म्हणून मान हलवायची. हे अण्णांना खास सांगा, आयुष्य एलआयसीत काढलंय, शब्द ऐकला की सही करतील. बाजूच्या छोट्या गोलावर लावायचे त्या साइड बेट, म्हणजे जास्तीच्या पैजाही नकोत, गळती तिथंच जास्त. फोन टेबलावर चालत नाही, पण बेसिक स्ट्रॅटेजीचं छापील कार्ड समोर ठेवून खेळलं तरी कोणी हरकत घेत नाही. गिफ्ट शॉपमध्येच मिळतं.

आणि ब्लॅकजॅकच खेळा. स्लॉटला चुकून मोठा जॅकपॉट लागला तर परदेशी नागरिकाचे ३० टक्के तिथंच कापून घेतात. ब्लॅकजॅक, रुलेट, क्रॅप्स यांच्या जिंकण्यावर तो कर नाही.

प्रेषक: बसवराज

जिंकल्यावरच्या कराचं आधी बघायलाव होय.

प्रेषक: शिरीष

मंडळी, आता घरी आलोय. बाबांनी काकांचे दोन्ही मेल वाचले, त्यातला फक्त दुसरा पटला म्हणाले. अण्णांना फक्त पहिला. रद्द करायला दोन तास राहिलेत.

प्रेषक: मंदा काकू

अरे, मग दोघांत एक खुर्ची घ्या ना.

जोडीचे ४०० डॉलर, एक जण खेळेल, दुसरा मागे उभा राहून स्ट्रॅटेजीचं कार्ड बघेल. कंटाळा आला की अदलाबदल. १५ च्या टेबलावर २६ हातांचे पैसे झाले, टेबलही ३:२ वालंच, आणि दर माणशी हातही निम्मे. आम्ही दिवाळीत रमीला हेच करतो, नाहीतर ह्यांचे पैसे लक्ष्मीपूजनालाच संपतात.

जागेचं म्हणाल तर फ्रीमाँट स्ट्रीटवर एल कॉर्टेझ कॅसिनो आहे, १९४१ पासूनचा. सिंगल डेक (पत्त्यांचा एकच कॅट), ३:२ साठी त्याचं नाव कित्येक वर्षं घेतलं जातं. तरी टेबलाच्या कापडावर काय छापलंय ते वाचूनच बसा, कुठेही ते लिहिलेलं असतंच. आणि आठवड्यातल्या दिवशी सकाळीच जा. शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी त्याच टेबलाचा आकडा वाढलेला असतो. सासूबाईंना माधुरी म्हणते तिथे बसवा. ड्यूस बस स्ट्रिप ते डाउनटाउन २४ तास चालते, बसवराजला गाडी काढायला नको.

प्रेषक: बसवराज

काकूंचं एकदम बरोबर हाय.

प्रेषक: शिरीष

स्ट्रिपचं रद्द केलं. डाउनटाउनचं घेतलं, मंगळवार-बुधवार. तीन खुर्च्या, तीन जोड्या. बाबा अण्णांबरोबर खेळायचं म्हणतायत, समोरासमोर हिशेब दाखवायचाय म्हणे.

प्रेषक: रेखा (कोषाध्यक्ष)

जोड्या मी लावते. आणि नंदू काका, वर्गणी पोचली, पावती वेगळी पाठवली आहे.