गिअर अडकतो म्हणजे गिअरबॉक्सच गेला, असे नाही
जुन्या गाडीचा पहिला आणि रिव्हर्स गिअर अडकतो व मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवायला सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. तेवढी घाई करू नये, असे मला वाटते. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडत असतील आणि इंजिन सुरू केल्यावरच अडकत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नसल्याचा (पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळे होत नसल्याचा) संशय आधी घ्यावा. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल आणि पेडल लागोपाठ दोन-तीनदा दाबल्यावर गिअर पडत असेल, तर नळीत हवा शिरली असण्याची किंवा मास्टर (पेडलकडचा) अथवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडर गळत असण्याची शक्यता मोठी आहे. अनेक गाड्यांत क्लचचे तेल ब्रेकच्याच टाकीतून येते, म्हणून तिथली पातळी आज आणि आठवड्याने पुन्हा पाहावी (गाडी नुकतीच घेतली असेल आणि विकणाऱ्याने टाकी भरून दिली असेल, तर आजच्या पातळीवरून काहीच कळत नाही). इंजिन बंद असतानाही लिव्हर जड जात असेल, तर गिअरच्या केबल आणि बुश (लिव्हरच्या सांध्यांतील छोट्या कड्या) तपासावेत. एखाद्याच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, खरखर होत असेल, तर सहसा सिंक्रोनायझर रिंग (गिअर पडताना फिरत्या भागांचा वेग जुळवणारी कडी) झिजलेली असते आणि तेव्हा मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागतो.