मदत हवी आहे: कोरियन मालिकेची भागवार चर्चा मराठीत कशी लिहावी?

ओसरी
नमस्कार मंडळी. 'एक्स्ट्राऑर्डिनरी अ‍ॅटर्नी वू' या मालिकेची भागवार चर्चा मराठीत सुरू करायची आहे. एकूण 16 भाग, आठवड्याला दोन, म्हणजे आठ आठवडे. कोरियातही ती बुधवार-गुरुवार अशीच दाखवली होती (29 जून ते 18 ऑगस्ट 2022), म्हणून तोच ताल ठेवते आहे. पहिल्या भागाचा मसुदा लिहून झाला. 1,100 शब्द झाले आणि त्यातले 900 निव्वळ 'मग असं झालं, मग तसं झालं'. वाचणाऱ्याने भाग पाहिलेला असेल तर त्याला हे कशाला हवं? अडलेल्या गोष्टी अशा:

1. कथानक किती लिहायचं?
2. सगळं इंग्रजी सबटायटलवरून चाललंय. मूळ संवादातलं काय निसटतं ते कसं ओळखायचं? कोरियन येत नाही.
3. कोण कोणाला तू म्हणतं आणि कोण तुम्ही, हे इंग्रजीत कळतच नाही.
4. खटल्यांतल्या रकमा वॉनमध्ये असतात, माझे शून्यांचे घोळ होतात.

काळा कोट
कथानक चार ओळी, बस. त्यानंतर थेट खटल्याची कळ. या मालिकेतल्या बहुतेक खटल्यांत कायद्याचा एक मुद्दा असा असतो की तो नीट कळला नाही तर अख्खा भाग नुसता 'हुशार मुलगी जिंकली' एवढाच उरतो.

पहिलाच भाग घ्या. म्हातारी बायको नवऱ्याच्या डोक्यात इस्त्री घालते, खुनाच्या प्रयत्नाचा आरोप. वरिष्ठ वकिलाचा हिशेब सरळ आहे: वय, परिस्थिती पाहता शिक्षा स्थगित होईल, आजी घरी जातील, विषय संपला. तरुण वकील, म्हणजे मालिकेची नायिका, म्हणते, संपला नाही. घर नवऱ्याच्या नावावर आहे. कोरियन दिवाणी संहितेच्या कलम 1004 प्रमाणे ज्याचा वारसा मिळायचा त्याला मारणाराच नव्हे, मारण्याचा प्रयत्न करणाराही वारसाहक्क गमावतो. म्हणजे शिक्षा स्थगित झाली तरी 'खुनाचा प्रयत्न' हा शिक्का राहिला तर आजी उद्या बेघर. म्हणून लढाई शिक्षेच्या वर्षांची नाही, 'हेतू होता की नव्हता' याची आहे. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्याचं कलम 25 खून करणाऱ्याबद्दल आणि त्याला साथ देणाऱ्याबद्दल बोलतं, प्रयत्नाबद्दल नाही. हा फरक दोन वाक्यांत दिलात तर चर्चा आपोआप रंगेल.

आणखी एक. कोरियात 2008 पासून काही फौजदारी खटल्यांत ज्यूरी बसते, पण तिचा कौल न्यायाधीशावर बंधनकारक नसतो. ज्यूरी दिसली की हॉलिवूडचे नियम लावून 'ज्यूरी म्हणाली मग निकाल असा कसा' असं लिहू नका.

तळटीप
आधी नायिकेचं नाव. 'वू' नको, 'ऊ' लिहा. कोरियनमध्ये तिथे व नाहीच. इंग्रजीवाल्यांनी डब्ल्यू लावला आणि आपण तो उचलला. ऊ यंग ऊ. हा निव्वळ काटेकोरपणा नाही, पुढच्या मुद्द्याला लागतो.

ती स्वतःची ओळख करून देताना उलटसुलट सारखेच वाचता येणारे शब्द म्हणते. इंग्रजी सबटायटलमध्ये कायाक, रेसकार वगैरे येतं. मूळ यादी वेगळीच आहे: गिरॉगि (रानहंस), थोमाथो, सुवीसु (स्वित्झर्लंड), इन्दोइन, ब्यॉलतोंगब्यॉल (उल्का), ऊ यंग ऊ. यातला इन्दोइन म्हणजे भारतीय माणूस! इंग्रजीत तो बिचारा गायब.

असं का करावं लागलं? हांगुल लिपीत अक्षर एका चौकटीत बसतं, व्यंजन आणि स्वर मिळून एक ठोकळा. उलटं वाचायचं ते ठोकळ्यांनी: थो-मा-थो. रोमन लिपीत सुटी अक्षरं उलटी केली की टोमॅटोचा चुराडा होतो, म्हणून त्यांना नवे शब्द शोधावे लागले. देवनागरी मात्र हांगुलसारखीच अक्षराने चालते. टो-मॅ-टो मराठीत जसाच्या तसा चालतो! नयन, कनक, जलज, टोमॅटो, ऊ यंग ऊ. हे इंग्रजीत लिहिणाऱ्याला जमणार नाही, तुम्हाला जमेल.

ओसरी
टोमॅटो!! हे डोळ्यांसमोर असून दिसलं नाही. पण असे मुद्दे सापडणार कसे? तिथे काहीतरी निसटलंय हे कळायला तरी हवं ना.

चकलीचा सोऱ्या
पद्धत सांगतो. भाग दोनदा पाहायचा. पहिल्यांदा न थांबता, वही बंद. दुसऱ्यांदा कॉम्प्युटरवर, फोनवर नको. क्रोम ब्राउझरमध्ये लँग्वेज रिअ‍ॅक्टर नावाचं एक्स्टेन्शन टाकलं की नेटफ्लिक्सवर दोन भाषांची सबटायटल एकाखाली एक दिसतात: वर कोरियन, खाली इंग्रजी. यादीत कोरियन दिसत नसेल तर नेटफ्लिक्स प्रोफाइलची भाषा बदलून पाहा. प्रोफाइलच्या भाषेप्रमाणे यादी बदलते.

वहीत तीन रकाने: मिनिट-सेकंद, इंग्रजीत काय लिहिलंय, कानाला काय ऐकू आलं. सगळं उतरवू नका, हात मोडेल. खूण फक्त तिथे करा जिथे (अ) लांबलचक कोरियन वाक्याचं इंग्रजीत दोन शब्दांत भागलंय, (आ) सगळे हसले पण तुम्हाला हसू आलं नाही, (इ) एखादं संबोधन ऐकू आलं पण सबटायटलमध्ये नुसतं नाव आहे. 70 मिनिटांच्या भागात 12 ते 15 खुणा पुरेत. त्यातल्या तीन लेखात घ्यायच्या.

हांगुलची मुळाक्षरं शिकून घ्या. 14 व्यंजनं, 10 स्वर. बाराखडी येणाऱ्याला आठवडा फार झाला. अर्थ कळणार नाही, पण तोच शब्द परत आला हे दिसेल. अर्धी लढाई तीच आहे.

आणि हो, डब लावून सबटायटल वाचू नका. दोन्ही भाषांतरं वेगवेगळी केलेली असतात, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, मग आपण उगाच 'अर्थ बदलला' म्हणून ओरडतो.

सातवा मजला
तू-तुम्हीबद्दल. वाक्याच्या शेवटाकडे कान द्या. शेवटी 'यो' किंवा 'म्निदा' आलं की आदरार्थी, म्हणजे जोंदेन्माल. शेपूट तुटलेलं वाटलं की बान्माल, आपला अरे-तुरे. ढोबळ नियम आहे, पण नव्वद टक्के काम होतं.

हाताशी धरायचं उदाहरण म्हणजे पाचव्या भागातलं सू-यॉन आणि यंग ऊ यांचं दृश्य. सू-यॉन सहज म्हणते, मलाही एखादं टोपणनाव दे. यंग ऊ एकामागून एक गोष्टी मोजते: लॉ स्कूलमध्ये तू मला वर्ग कुठे आहे ते सांगायचीस, तास रद्द झाला की सांगायचीस, परीक्षेचा भाग बदलला की सांगायचीस, आताही पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून देतेस, कँटीनमध्ये पुन्हा किंबाप (भाताची गुंडाळी) असेल तेव्हा कळवते म्हणतेस. आणि मग: तू बोमनालए हेत्साल आहेस. हे सगळं बान्मालमध्ये आहे, 'नॉ' म्हणजे तू. कोर्टात ताठ 'म्निदा' लावणारी बाई इथे वर्गमैत्रिणीशी एकेरीत बोलते. इंग्रजीत दोन्हीकडे यू. मराठीत तुम्ही नुसतं 'तू' लिहिलंत की निम्मं दृश्य परत मिळालं.

ओसरी
याचं मी 'वसंतातलं ऊन' केलंय. बरोबर ना?

सातवा मजला
शब्दाला बरोबर, अंगाला चूक. सोलची थंडी शून्याच्या बरीच खाली जाते, तिथे वसंतातलं ऊन म्हणजे हायसं वाटणं. आपला वसंत चैत्र-वैशाखातला. नागपूरच्या वाचकाला 'तू वसंतातलं ऊन आहेस' म्हटलं तर तो डोक्याला उपरणं गुंडाळेल. 'कोवळं ऊन' लिहा. ऋतू सुटला तरी चालेल, ऊब सुटता कामा नये.

तळटीप
ऋतू सोडायला माझी हरकत आहे. लेखात 'कोवळं ऊन' लिहा आणि एकदाच सांगा की मूळ शब्द 'वसंताच्या दिवसातलं ऊन' असा आहे. वाचकाला दोन्ही मिळू देत.

त्याच भागातला दुसरा शब्द: क्वॉनमोसुलसु. तिकडची चार अक्षरी म्हण, अर्थ सत्तेसाठीचे डावपेच. सहकारी क्वॉन मिन-ऊला हे नाव चिकटतं, कारण त्याचं आडनाव आणि म्हणीतलं पहिलं अक्षर एकच. इंग्रजीत अर्थ राहिला, खटका गेला. मराठीत 'कारस्थानी क्वॉन' लिहा, क ला क जुळतो.

फर्मचं नावही पाहून ठेवा. हानबादा म्हणजे मोठा समुद्र, प्रतिस्पर्धी थेसान म्हणजे मोठा पर्वत. देवमाशांच्या वेडापायी जगणाऱ्या मुलीला समुद्रात नोकरी मिळालीय, हे नावातच आहे.

चकलीचा सोऱ्या
फर्ममधला सहकारी जुन-हो यंग ऊला 'ब्यॉन्होसानिम' म्हणतो त्याचं काय करायचं? ब्यॉन्होसा म्हणजे वकील, निम हा आदराचा प्रत्यय. 'वकीलसाहेब' पुरुषी वाटतं, 'वकीलबाई' टोमणा वाटतो. माझं मत 'वकील मॅडम'. ऑफिसात माणसं तसंच म्हणतात.

त्याचंच 'सॉपसॉपहान्देयो' हे वाक्यही धरा. 'दुखावलो' जरा जास्त होतं. आपल्या माणसाकडून अपेक्षा होती आणि ती राहिली, तेव्हाची ती बारीक खंत. 'मला वाईट वाटलं हं' किंवा 'मनाला लागलं'. शेवटचं 'यो' मात्र विसरू नका, तक्रार करतानाही तो अहो-जाहोच करतोय.

काळा कोट
रकमा. कोरियन मोजणी दहा हजारांनी (मान) आणि दहा कोटींनी (ऑक) चालते. इंग्रजी सबटायटल ते मिलियन-बिलियनमध्ये फिरवतं, आपण परत लाख-कोटीत. या दोन उड्यांत शून्य पडतं. मधली उडी गाळा. 1 ऑक वॉन = 10 कोटी वॉन. मालिका आली त्या सुमाराच्या दराने 1,000 वॉन म्हणजे साधारण 60 रुपये, तर 1 ऑक म्हणजे साधारण 60 लाख रुपये. जेजू बेटावरच्या 13-14 व्या भागात वाद 3,000 वॉनचा आहे, म्हणजे 180 रुपयांचा. एवढ्यासाठी खटला का, हीच तर गंमत. मंदिर पाहायचंच नसताना नुसत्या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून शुल्क घ्यावं का? खऱ्या कोरियातही हा वाद जुना होता. मे 2023 पासून जोग्ये या बौद्ध पंथाच्या बहुतेक मोठ्या मंदिरांनी असं शुल्क घेणं बंद केलं.

वयाचंही तसंच. यंग ऊ 27 वर्षांची सांगितली आहे, ते कोरियन मोजणीने. आपल्या हिशेबाने 25 किंवा 26. जून 2023 मध्ये तिकडे सरकारी कामासाठी आंतरराष्ट्रीय वय एकसारखं लागू झालं, पण मालिका त्याआधीची आहे.

सातवा मजला
7 आणि 8 हे भाग एकाच लेखात घ्या. सोदॉक-दोंगचा खटला दोन भागांत पसरलाय, सातव्यावर थांबलात तर चर्चेला निकालच नाही. त्यातलं टेकडीवरचं झाड खरं आहे, छांगवॉनजवळच्या गावात. मालिकेनंतर बघ्यांची रीघ लागली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये त्याला खरोखरच राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. गाव मात्र काल्पनिक, त्याला नकाशावर शोधू नका.

पुढे दुसरी मालिका घेणार असाल तर भागांचे आकडे तपासा. केबीएस, एमबीसी, एसबीएस या अँटेनावरच्या मुख्य वाहिन्यांवर 2021 च्या जुलैपर्यंत कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात टाकायला बंदी होती. त्यातून पळवाट म्हणून 2017 च्या सुमारापासून एका भागाचे दोन तुकडे करून दोन क्रमांक देऊ लागले. 'व्हाइल यू वेअर स्लीपिंग' कुठे 16 भागांची दिसते, कुठे 32. जुळवायचं सूत्र: नववा भाग म्हणजे 17 आणि 18. ऊ यंग ऊची मालिका ईएनए या केबल वाहिनीवर होती, तिथे ही भानगड नाही.

ओसरी
सर्वांचे मनापासून आभार. पाचव्या भागाची सुरुवात अशी केलीय, बघा:

'एटीएम यंत्रं बनवणाऱ्या दोन कंपन्या भांडतायत, नक्कल कोणी कोणाची केली यावरून. आपला पक्षकार खोटं बोलतोय असं यंग ऊला वाटतं. तरी ती त्याला जिंकून देते का, आणि का? याच भागात ती एका मैत्रिणीला कोवळं ऊन म्हणते आणि एका सहकाऱ्याला कारस्थानी हे नाव चिकटतं. दोन्ही नावं एकाच भागात का दिली असतील?'

काळा कोट
चांगलं आहे. 'आणि का' काढा, शेवटचा प्रश्न ठेवा. एका लेखाला एकच प्रश्न, नाहीतर लोक सोपा निवडतात.

तळटीप
'कारस्थानी' नुसतं नको. 'कारस्थानी क्वॉन' पूर्ण लिहा, नाहीतर खटका परत गेला.