साठीत इस्ट्रोजेन: गोळी की जेल?

प्रश्न: साठीच्या ट्रान्स स्त्रीने इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) कसं सुरू करावं? दाढी-आवाजाचं काय?

उत्तर १: डॉक्टरांकडे जेल किंवा पॅचच मागा. गोळी यकृतातून जाते, रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी तपासणी: रक्तात इस्ट्राडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) १००–२०० पिकोग्रॅम प्रति मिली, टेस्टोस्टेरॉन (पुरुष-हार्मोन) ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरखाली. जेल लावलेल्या हातातून रक्त देऊ नका, आकडा खोटाच फुगतो.

उत्तर २: सोबत स्पायरोनोलॅक्टोन (टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारी गोळी) असेल तर रक्तातलं पोटॅशियमही बघा, ते वाढू शकतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू असेल तर नक्कीच, त्यानेही ते वाढतं. शहाळ्यातही पोटॅशियम असतं, तीही बेतानेच.

उत्तर ३: आवाज इस्ट्रोजेनने बदलत नाही, स्पीच थेरपी लागते. पांढऱ्या दाढीवर लेसर फुकट, केसात रंगद्रव्यच नाही. तिथे इलेक्ट्रोलिसिस, एकेक केस. लेसरचं पॅकेज घेण्याआधी आरशात काळे केस किती उरलेत ते बघा.