वडिलांचे जुने कॅमेरे: तुमचे अनुभव लिहा

टिळकवाडीकर
बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. परवा माळा आवरताना त्यांचा अग्फा क्लिक थ्री हाती लागला, बडोद्याला बनलेला. मागच्या लाल खिडकीत आठचा आकडा दिसतोय. म्हणजे आत रोल आहे! उघडू का? कुणाला असं काही सापडलंय?

खानापूरकर
अजिबात उघडू नका. मी आप्पांचा उघडला आणि रोल धुतल्यावर अख्खी पट्टी काळीठिक्कर. काय होतं त्यात? आई म्हणते, बहुतेक तुझं बारसं. बहुतेक!
खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा, रोल शेवटपर्यंत गुंडाळा, मगच अंधारात काढा.

निपाणीकर
आमचा स्टुडिओ होता. तंबाखूचे पैसे हातात आले की गावात लग्नं, लग्नं आली की ऑर्डरी. वडिलांचा यशिका मॅट पोटाशी धरून वरून वाकून बघायचा. १२० चा रोल, बारा फोटो, त्यामुळे एकही वाया घालवायचा नाही. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच त्यात डोकावलो. बायकोला फ्रेमच्या मध्यावर आणायला कॅमेरा दर वेळी भलतीकडेच वळवत होतो. ती हसून बेजार. वडील हे लग्नाच्या गर्दीत, घामाघूम होऊन, कसं करत असतील? कन्नड गिऱ्हाईक असलं की म्हणायचे, ‘स्वल्प नग्री’, म्हणजे जरा हसा. मला लहानपणी ते ‘नगरी’ ऐकू यायचं. वाटायचं, कुठलं तरी गाव असेल.
त्यांची रिटचिंगची पेन्सिलही सापडली, सुईसारखी टोकदार. निगेटिव्हवर तिनं देवीचे व्रण बुजवायचे.

जांबोटीकर
आमच्याकडच्या पावसानं भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरलीय. कातडी कव्हर ओल धरून ठेवतं, कॅमेरा त्यातून बाहेर काढून ठेवा. मला हे फार उशिरा कळलं.

टिळकवाडीकर
खानापूरकर, तुमचे उपकार! सांगितलंत तसंच केलं, रोल पुण्याला धुवायला पाठवला. ब्लॅक अँड व्हाइट होता म्हणून तीन फोटो तरी आले, कडा गेल्यात, दाणे उठलेत. एकात आई, गोकाकच्या झुलत्या पुलावर, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून, चेहरा पांढराफटक. तिला दाखवला. चष्मा पुसून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “पूल हलतोय आणि हे मला म्हणतायत, हलू नको.”