मंडळासाठी छोटा पिकअप ट्रक: नाव पाहावे की चासी?

प्रेषक: सामान समिती, निमंत्रक
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

गेली सहा वर्षे गणेशोत्सवाच्या आदल्या शुक्रवारी आपण भाड्याचा ट्रक आणतो, ढोल-ताशे, मखराच्या फळ्या आणि स्पीकर शाळेच्या सभागृहात पोचवतो आणि सोमवारी तो परत करताना टाकीत पेट्रोल किती होते यावरून काउंटरवर हुज्जत घालतो. संक्रांत, पाडवा, दिवाळी आणि पथकाची बाहेरगावची वादने धरली, तर हा खेळ वर्षातून नऊ-दहा वेळा होतो. म्हणून नऊ हजार डॉलरपर्यंत एखादा जुना, आटोपशीर पिकअप घेण्यास कार्यकारिणीने तत्त्वतः मान्यता दिली आहे. टोयोटा टकोमा, फोर्ड रेंजर आणि निसान फ्रंटियर ही तीन नावे समितीसमोर आली आहेत. जाणकारांनी आपले मत कळवावे, ही विनंती.

ता. क. गावाकडे ‘छोटा हत्ती’ म्हणतात तशी एखादी गाडी इथे का मिळत नाही, असे दोन सभासदांनी विचारले आहे. त्याचेही उत्तर कोणास ठाऊक असल्यास द्यावे.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

सप्रेम नमस्कार.

निमंत्रकांनी नावे विचारली आहेत. मी आधी ट्रकखाली आडवे व्हा असे सांगणार आहे. आपण ओहायोत राहतो, लेक एरीवरून येणारा बर्फ आपल्या अंगणात पडतो आणि तो वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ गाडीच्या पोटाला चिकटून राहते. त्यामुळे आपल्याकडे पंधरा वर्षांच्या ट्रकचे इंजिन ठणठणीत आणि चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, मात्र पापडासारखी, हा प्रकार नेहमीचा आहे. इंजिन दुरुस्त होते, गिअरबॉक्स बदलता येतो. चासी गेली की ट्रक गेला.

टकोमाचा लौकिक खरा आहे, पण त्याच टकोमाच्या चासीचा इतिहासही खरा आहे. १९९५ ते २००० च्या टकोमांच्या चासीवर गंजरोधक थर पुरेसा नसल्याचे मान्य करून टोयोटाने २००८ मध्ये त्या चासीची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढवली आणि ज्यांच्या चासीला भोके पडली होती असे कित्येक ट्रक बाजारभावाच्या दीडपट किंमत देऊन परत घेतले. त्यानंतर २००५ ते २०१० च्या टकोमांबद्दलही खटला उभा राहिला. त्यातील तडजोडीनुसार पहिल्या विक्रीपासून बारा वर्षांपर्यंत चासीची तपासणी आणि गरज पडल्यास बदल कंपनीच्या खर्चाने होणार होता. ती मुदत केव्हाच संपली आहे. म्हणून या वर्षांमधला टकोमा दिसला, तर चासी बदलली आहे का हा पहिला प्रश्न विचारावा, आणि ‘हो’ असे उत्तर आले तर त्याचा कागद मागावा. बदललेल्या चासीचा जुना टकोमा मिळाला, तर तो उत्तम सौदा. पण नऊ हजारांत असा ट्रक मिळाला, तर तो आतापर्यंत किती मैल धावला आहे त्या आकड्याकडे जरा संशयाने पाहावे.

फ्रंटियरविषयी थोडक्यात. २००५ ते २०१० च्या स्वयंचलित गिअरच्या फ्रंटियरमध्ये गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातच असते. ती तडकली की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरमधले द्रव, तेलात मिसळते आणि ते तेल थेट सोलकढीच्या रंगाचे होते. हा रंग दिसला की गिअरबॉक्स संपला असे समजावे. रेडिएटर बदलल्याची पावती असेल किंवा ट्रक हाताने गिअर टाकण्याचा असेल, तर ही काळजी उरत नाही.

माझे मत रेंजरकडे झुकते, तेही एका विशिष्ट रेंजरकडे. २०११ च्या अखेरीस मिनेसोटातल्या सेंट पॉलचा कारखाना बंद होईपर्यंत जो जुना, खऱ्या अर्थाने छोटा रेंजर तयार होत होता, त्यातले २.३ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन साधे आहे, त्यात टायमिंग बेल्ट नसून साखळी आहे आणि सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळतात. चार लिटरचे व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडरचे इंजिन, मात्र टाळावे. त्याच्या साखळ्यांचे प्लॅस्टिकचे आधार तुटतात आणि एक साखळी इंजिनाच्या मागच्या बाजूला असल्यामुळे ती बदलायला इंजिन खाली उतरवावे लागते. थंड इंजिन सुरू करताना खडखडाट ऐकू आला, तर किमतीची चर्चा तिथेच थांबवावी.

ट्रक पाहायला जाताना जुनी चादर, टॉर्च आणि लहान हातोडी न्यावी. मागचे पाटे चासीला जिथे अडकवलेले असतात तिथे आणि सुट्या चाकाच्या वरच्या भागात हलकेच ठोकावे. चांगले लोखंड खणखणते, गंजलेले ‘थड्’ असा आवाज देते. पोटाला ताजा काळा डांबरी थर दिसला, तर आनंद मानू नये. मी स्वतः एकदा असा चकचकीत काळा ट्रक घेतला होता, आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्या थराखालून चासीचे पापुद्रे माझ्या ड्राइव्हवेवर गळू लागले. कोणाकडून घेतला ते लिहीत नाही.

शेवटी, व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल, म्हणजे दोष काढण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावल्याच्या सूचना, शिल्लक आहेत का ते पाहावे. रेंजरच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे २०१८ च्या जानेवारीत २००६ च्या काही रेंजरच्या मालकांना ‘गाडी चालवूच नका’ असे फोर्डने कळवले होते. ती दुरुस्ती विनामूल्य होते, पण ती झालेली आहे याची खात्री आपणच करायची असते.

छोट्या हत्तीचे उत्तर कोंबडीत आहे. युरोपीय देशांनी अमेरिकन कोंबडीवर जकात बसवली, म्हणून अमेरिकेने १९६४ पासून आयात मालवाहू गाड्यांवर पंचवीस टक्के कर लावला. भांडण विसरले गेले, कर राहिला, आणि बाहेरचे लहान ट्रक इथे आणणे परवडेनासे झाले.

---

प्रेषक: ढोलपथकातर्फे

काका, सविस्तर पत्राबद्दल आभार. एक पर्याय राहून गेला असे वाटते. फोर्डचा मॅव्हरिक २०२२ पासून मिळतो, त्याच्या हायब्रिडची सरकारी सरासरी गॅलनला ३७ मैल आहे, आणि तो मोटारीसारखा असल्यामुळे पथकातल्या कोणालाही चालवता येईल. अंदाजपत्रक वाढवण्याचा विचार व्हावा.

---

प्रेषक: तेच ज्येष्ठ सभासद

पथकप्रमुखांचा मुद्दा योग्य आहे, आणि रोज कामावर जायला ट्रक हवा असता तर मीही मॅव्हरिकच सुचवला असता. पण आपला ट्रक वर्षातले तीनशे दिवस उभा राहणार आहे. ३७ मैलांची बचत उभ्या ट्रकात होत नाही. शिवाय मॅव्हरिकचा हौदा साडेचार फुटांचा आहे. आपले ढोल दोन-दोन फुटांचे आहेत, म्हणजे लांबीत दोनच बसतात. रेंजरच्या सहा फुटी हौद्यात तीन बसतात. रुंदीत मात्र दोन्ही सारखेच अडतात, कारण चाकांवरच्या उंचवट्यांमध्ये जेमतेम साडेतीन फूट जागा असते आणि दोन ढोल शेजारी तळाशी बसत नाहीत. त्यासाठी उंचवट्यांच्या वर आडव्या फळ्या टाकून प्लायवूडचा मजला करावा. मखराच्या चार फुटी फळ्याही मग आडव्या राहतील.

वजनाची चिंता नाही, तरी दाराच्या चौकटीवरची पिवळी पट्टी वाचावी. तिच्यावरच्या कमाल वजनाच्या आकड्यात माणसेही धरलेली असतात, हे आपल्याकडचे उत्साही स्वयंसेवक विसरतात. हौद्यात बसून कोणी ढोल वाजवणार नाही, एवढे पथकप्रमुखांनी पाहावे. आणि मागची चाके ओढणारा रिकामा पिकअप बर्फात घसरतो, म्हणून डिसेंबर ते मार्च हौद्यात, मागच्या धुरीच्या वर, वाळूची चार पोती ठेवावीत.

---

प्रेषक: सामान समिती, निमंत्रक

सप्रेम नमस्कार.

शनिवारी दोन ट्रक पाहिले. पहिल्याचे नाव लिहीत नाही, कारण दोष बनावटीचा नसून पंधरा हिवाळ्यांचा होता. काकांची हातोडी डाव्या पाट्याच्या वर चासीत शिरली आणि विकणारा गृहस्थ आमच्याइतकाच चकित झाला. दुसरा २००८ चा रेंजर, २.३ लिटर, सहा फुटी हौदा, हाताने गिअर टाकण्याचा. चासी सगळीकडे खणखणली, एअरबॅगची दुरुस्ती झाल्याची नोंद मिळाली आणि स्वतंत्र मेकॅनिकने पुढचे बॉल जॉइंट एवढेच काम सांगितले. सात हजार आठशेला व्यवहार ठरला असून टायटल (मालकीचा कागद) आणि विमा मंडळाच्या नावावर होईल.

क्लचचा ट्रक चालवता येणाऱ्या सभासदांनी आपली नावे कळवावीत; आतापर्यंत चार आली आहेत आणि चौघेही साठीच्या पुढचे आहेत. प्लायवूड आणले आहे. मजला येत्या रविवारी कापायचा आहे. कोणाकडे गोल करवत असेल तर कृपया सोबत आणावी.