खरीप कांद्याचे उळे: एकरी बी किती, वाफे कसे, मर कशी थांबवावी?

काळीमाती_सिन्नर
रामराम मंडळी. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लाल कांद्याचे उळे (रोपासाठी बी) टाकायचे आहे. लागवड एक एकर, 15 बाय 10 सेंमी अंतरावर. जमीन मध्यम काळी, पाऊस लागला की दोन-दोन दिवस वाफसा (कामाजोगा ओलावा) येत नाही. आमच्या भागात सपाट वाफ्यात एकरी चार किलो बी फोकतात (विखरून टाकतात), तरी मर (रोपे कुजून मरण्याचा रोग) लागून रोप कमी पडते. बी वाढवावे का? तणनाशक चालते का? रोप किती दिवसांचे उपटावे?

उळेवाला
भाऊ, बी वाढवू नका, कमी करा. 15 बाय 10 वर एकराला साधारण 2 लाख 70 हजार रोपे लागतात. एक किलोत सुमारे अडीच लाख दाणे असतात. उगवण 70 टक्के धरली तरी अडीच किलोत सव्वाचार लाखांच्या वर रोप निघते, म्हणजे मर-तूट जाऊनही पुरते. त्याच जागेत चार किलो टाकले की रोप दाटते, बुडाशी हवा खेळत नाही, माती ओलीच राहते आणि मर तिथूनच सुरू होते.

आधी उगवण तपासा. 100 दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, 12 व्या दिवसापर्यंत कोंब मोजा. कांद्याचे बी वर्षभरात ताकद सोडते, त्यामुळे मागचे उरलेले बी न तपासता वापरू नका.

तुमच्या जमिनीत सपाट वाफा नकोच. पावसाचे पाणी साचते, बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते. गादीवाफे करा: 1 मीटर रुंद, 3 मीटर लांब, 15 सेंमी उंच, मधे 30 सेंमीची चारी, चारीचे तोंड उताराकडे मोकळे. असे 50 वाफे दोन गुंठ्यांत बसतात. दोन गुंठ्यांना 200 किलो पूर्ण कुजलेले शेणखत, अडीच-तीन किलो 15:15:15 (नत्र-स्फुरद-पालाश) खत आणि अडीच किलो युरिया मातीत मिसळा. उगवणीनंतर 20 दिवसांनी पावणेदोन किलो युरिया द्या, त्याहून जास्त नको. पावसाळ्यात जास्त नत्राने रोप लुसलुशीत होऊन आडवे पडते.

प्रत्येक वाफ्याला 50 ग्रॅम बी. रुंदीच्या दिशेने 5 सेंमीवर रेघा ओढा, सेंटीमीटरभर खोल पेरा, वरून चाळलेले शेणखत टाका. काळी माती वर लोटली तर पावसाने पापडी धरते. कांद्याचा कोंब आकड्यासारखा वाकून वर येतो, त्याला ती पापडी फोडता येत नाही. मग लोक बियाणे खराब म्हणतात.

वाफसा_निफाड
वरचे सगळे बरोबर. मरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

मर दोन प्रकारची असते. बी मातीतच कुजले तर वाफ्यात नुसत्या मोकळ्या जागा दिसतात. उगवल्यावर बुडखा मऊ पडून रोप गोल चट्ट्यांत आडवे होते, ती दुसरी. दोन्हीला कारण जमिनीतली बुरशी आणि साचलेले पाणी. म्हणून काम मे महिन्यात सुरू व्हायला हवे. वाफे तयार करून भिजवा, पांढरा पारदर्शक पातळ प्लास्टिक कागद अंथरा, कडा मातीत गाडा आणि निदान महिनाभर ठेवा. काळा कागद नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. यात तणाचे बीही बरेचसे मरते. कागद काढल्यावर खोल उकरू नका, खालची न तापलेली माती वर येते.

बियाला किलोमागे 3 ग्रॅम थायरम चोळा. रंग लावलेले बी असेल तर त्यावर आधीच बुरशीनाशक असते, पुन्हा चोळायची गरज नाही. शेणखतात ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) मिसळायचा असेल तर ते खत आठवडाभर सावलीत ओलसर ठेवून मगच वापरा. चट्टे दिसू लागले की आधी पाणी थांबवा, मग कॉपर ऑक्सिक्लोराईड 3 ग्रॅम प्रति लिटर प्रमाणे बुडाशी ओता. पानांवर फवारून मर थांबत नाही.

काळीमाती_सिन्नर
आभार. तणनाशकाचे राहिले. आणि पेरल्यावर पाणी कसे द्यायचे?

उळेवाला
पेरून हलके पाणी दिल्यावर, उगवणीआधी पेंडीमेथॅलिन 2 मिली प्रति लिटर चालते, पण बी पूर्ण झाकलेले हवे. उघड्या दाण्यावर पडले की तो कोंब गेला.

वाफसा_निफाड
मी इथे थोडा वेगळा आहे. फवारल्यावर लगेच जोराचा पाऊस आला तर औषध बियापर्यंत खाली उतरते. जूनच्या पावसाचा भरवसा नाही. कागदाखाली माती तापवली असेल तर रेघांमधून एक-दोन खुरपण्या पुरतात, दोन गुंठ्यांचेच काम आहे. रेघेत पेरण्याचा खरा फायदा तोच.

पाणी झारीने किंवा मिनी स्प्रिंकलरने, सकाळी. उगवेपर्यंत वर भाताचा पेंढा टाका. सात-आठ दिवसांत कोंब दिसले की संध्याकाळी पेंढा काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोप पिवळे आणि लांबट होते.

रांगडा_येवला
एक भर. खरिपात बसवंत 780, फुले समर्थ, भीमा सुपर असे खरिपाचेच वाण घ्या. एन-2-4-1 उन्हाळी आहे, पावसाळ्यात त्याची मान जाड राहते, कांदा भरत नाही.

रोप साधारण 40 ते 45 दिवसांत तयार होते. दिवसांपेक्षा बूड बघा: हरभऱ्याएवढी गाठ धरली की लावा. वय जास्त झालेल्या रोपाला जोडकांदे आणि डेंगळे (फुलांचे दांडे) जास्त येतात. उपटण्याआधी दोन-तीन दिवस पाणी तोडा आणि आदल्या दिवशी भिजवा, म्हणजे मुळे तुटत नाहीत. शेंड्याचा तिसरा हिस्सा कापा. मुळे कार्बेन्डाझिमच्या 1 ग्रॅम प्रति लिटर द्रावणात बुडवून त्याच दिवशी लावा. पीळ पडलेले किंवा बुडाशी गुलाबी मुळांचे रोप जुडीत घेऊच नका, शेतात रोग त्याच्याबरोबर जातो.