मोफत घरपोच देऊनही नफा राहावा म्हणून किंमत कशी ठरवता? सातारा-सांगलीच्या विक्रेत्यांचे अनुभव

मी साताऱ्यात भाजणी, मेतकूट आणि कोरड्या चटण्या तयार करून ऑनलाइन विकते. आमच्या भागातील अनेक भगिनी आणि तरुण मुले घरचा उत्तम माल घेऊन या व्यवसायात उतरतात आणि ‘मोफत घरपोच’ लिहिल्याशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही म्हणून तेही लिहून टाकतात. वर्षअखेरीस मात्र विक्री भरपूर होऊनही हातात काही उरलेले नसते. मालाची किंमत आधी ठरवायची आणि कुरिअरचा खर्च शेवटी तीत मिसळायचा, ही पद्धतच याच्या मुळाशी आहे, असे माझे ठाम मत आहे. पाठवणीचा खर्च हा पाकिटाचे माप, वजन आणि किंमत ठरवण्याच्या पहिल्या पायरीवरच विचारात घ्यावा लागतो. आपण सर्वांनी आपापला हिशेब आकड्यांसह येथे मांडावा, अशी विनंती आहे. विक्रीच्या संकेतस्थळाचे किंवा कुरिअर कंपनीचे नाव लिहू नये. पद्धत समजली की पुरे.

हळद पूड, सांगली

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि बाहेरगावचे गिऱ्हाईक नाव घेऊन हळद मागू लागले. मी राजापुरी हळकुंडे पेठेतून घेते आणि दळून २५० ग्रॅमच्या पाकिटात भरते. माझा हिशेब पुढीलप्रमाणे आहे. हळद, दळण, पाकीट आणि लेबल मिळून ७५ रुपये, खोका आणि चिकटपट्टी १२ रुपये, अर्ध्या किलोपर्यंतच्या पार्सलचे कुरिअर करासह सरासरी ७० रुपये, आणि मला हवा असलेला नफा ३५ रुपये. ही बेरीज १९२ होते. विक्रीच्या जागेचे कमिशन, त्यावरील कर आणि पैसे जमा होण्याचे शुल्क मिळून माझी वजावट सुमारे १५ टक्के असते. पुष्कळ जण येथे १९२ वर १५ टक्के चढवून २२१ रुपये किंमत लावतात. पण वजावट १९२ वर होत नसून २२१ वर होते. ती ३३ रुपयांच्या आसपास जाते आणि हातात १८८ रुपयेही पूर्ण येत नाहीत. नफ्यातले चार रुपये तेथेच जातात. म्हणून १९२ ला ०.८५ ने भागावे. उत्तर २२६ येते आणि हीच खरी किंमत आहे.

याच भागाकाराने कुरिअरच्या ७० रुपयांकडे पाहिले, तर किमतीत त्यांचे ८२ रुपये होतात, कारण गिऱ्हाइकाने दिलेल्या प्रत्येक रुपयावर कमिशन लागते आणि त्यात भाड्याचे रुपयेही येतात. मोफत घरपोच देण्याची ही किंमत ज्याच्या ध्यानात आली, त्याचा निम्मा घोळ मिटला.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त दर घेता येत नाही. माझे २५० ग्रॅमचे पाकीट गावातल्या दुकानांत १४० रुपये छापील किमतीला जाते. तेच पाकीट ऑनलाइन २२६ ला विकणे नियमात बसणार नाही. म्हणून दुकानासाठी २५० ग्रॅम आणि ऑनलाइनसाठी ५०० ग्रॅम अशी मापे मी पूर्णपणे वेगळी ठेवली आहेत आणि ऑनलाइनच्या मापाची छापील किंमत पाठवणी धरूनच ठरवते. वरचा हिशेब समजायला सोपा जावा म्हणून लहान पाकिटावर मांडला आहे.

बेदाणा, तासगाव

ताईंनी मापाचा विषय काढला आहे, म्हणून त्यापुढचे लिहितो. कुरिअरचा दर अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतो. ५०० ग्रॅम बेदाणा पिशवी आणि खोक्यासह ५७० ग्रॅमच्या घरात जातो आणि एक किलोचे भाडे लागते. माझ्याकडे अर्ध्या किलोच्या टप्प्याला ७० आणि एक किलोला ११० रुपये पडतात. ५०० ग्रॅमचे पाकीट पाठवले, तर दर १०० ग्रॅममागे भाडे २२ रुपये होते. तेच ४०० ग्रॅमचे केले, तर साडेसतरा रुपये, आणि ९०० ग्रॅमचे केले, तर सव्वाबारा रुपयांपेक्षा किंचित कमी. माल तोच, प्रतवारी तीच. केवळ माप बदलल्याने मोफत घरपोच परवडू लागते. अर्धा किलो हे माप आपल्या बाजारपेठेच्या सवयीचे आहे, कुरिअरच्या सोयीचे नाही. ऑनलाइन विक्रीसाठी मी ४०० आणि ९०० ही दोनच मापे ठेवली आहेत आणि पाकिटावर निव्वळ वजन ठळक छापतो, म्हणजे घेणाऱ्याचा गैरसमज होत नाही.

भरलेले खोके स्वतःच्या काट्यावर ठेवून त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. वजनाचा वाद निघाला तर ते कामी येते.

घोंगडी आणि जेन (लोकरीचे जाड अंथरूण), माण तालुका

आमच्या मालाला प्रत्यक्ष वजनापेक्षा आकारमान महाग पडते. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचे, ही बहुतेक ठिकाणची रीत आहे. काही ठिकाणी भाजक याहून लहान असतो, तेव्हा आधी विचारून घ्यावे. येणारे उत्तर आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे मोठे, त्याचे भाडे लागते. अडीच किलोची घोंगडी सैल घडी घालून ४५ × ३५ × २० च्या खोक्यात ठेवली, तर भाड्याचे वजन ६.३ किलो होते. तीच घट्ट दाबून ४० × ३० × १२ मध्ये बसवली, तर २.८८ किलो, म्हणजे तीन किलोचा टप्पा. साडेतीन किलोंचे भाडे केवळ घडीने वाचते. बाजारातले तयार खोके घेण्याऐवजी मालाच्या मापाचे खोके करून घ्यावेत. मुद्दाम बनवून घेतलेला खोका चार रुपयांनी महाग पडला, तरी तो स्वस्तच असतो.

मुलांचे सुती कपडे, कऱ्हाड

मोफत घरपोचच्या हिशेबात परत येणाऱ्या पार्सलांचा खर्च धरला नाही, तर वरची सगळी गणिते कोसळतात. कॅश ऑन डिलिव्हरीवर मागवलेला माल दारात नाकारला गेला की जाण्याचे भाडे तर जातेच, परतीचेही आपल्या माथी बसते. समजा, १०० पार्सले ७० रुपये भाड्याने पाठवली आणि २० परत आली. जाण्याचे ७,००० आणि परतीचे १,४०० मिळून ८,४०० रुपये झाले आणि माल विकला गेला तो ८० जणांना. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागे भाडे ७० नसून १०५ आहे. किमतीत १०५ धरावे लागतात. शिवाय परत आलेला कपडा पुन्हा इस्त्री करून नव्या पिशवीत घालण्याचा खर्च वेगळाच.

हा भार प्रामाणिकपणे माल घेणाऱ्यांवर का टाकायचा, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करत असे. आता मी आगाऊ पैसे भरणाऱ्यालाच मोफत घरपोच देते आणि कॅश ऑन डिलिव्हरीसाठी ठरावीक रक्कम वेगळी घेते, तीही मागणी नोंदवतानाच स्पष्ट दाखवते. पार्सल निघण्यापूर्वी फोन करून पत्ता आणि माप विचारून घेते. फोन न उचलणाऱ्याचे पार्सल थांबवून ठेवण्यात काहीही गैर नाही. परतीचे प्रमाण प्रत्येक मालासाठी आणि प्रत्येक भागासाठी वेगळे लिहून ठेवावे. सरसकट एकच आकडा धरल्याने चांगल्या मालाची किंमत विनाकारण वाढते.

हिशेबनीस, सांगली

मी स्वतः विक्रेता नाही. लहान विक्रेत्यांच्या वह्या पाहतो. करासंबंधी दोन-तीन गोष्टी गोंधळाच्या ठरतात, म्हणून लिहितो.

जीएसटी नोंदणी असलेल्याने किमतीत भाडे मिसळले, की त्या संपूर्ण किमतीवर मालाचा दर लागतो. हळदताईंच्या २२६ रुपयांत ५ टक्क्यांप्रमाणे कर १० रुपये ७६ पैसे निघतो. दुसऱ्या बाजूने ७० रुपयांच्या कुरिअर बिलात १८ टक्क्यांचा कर १० रुपये ६८ पैसे असतो आणि त्याचे क्रेडिट मिळते, म्हणजे तो आपण भरायच्या करातून वजा होतो. कमिशनवरील कराचेही मिळते. म्हणून नोंदणी असणाऱ्याने कुरिअरचे करासह बिल स्वतःच्या जीएसटी क्रमांकावरच घ्यावे. नोंदणी नसणाऱ्याला हे क्रेडिट नाही. त्याने करासह पूर्ण रक्कम खर्चात धरावी.

विक्रीच्या मंचाने आपल्या रकमेतून केलेली टीसीएसची (जीएसटीपोटीची) कपात १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आणि टीडीएसची (आयकरापोटीची) १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे. या दोन्ही रकमा खर्च नव्हेत. त्या विवरणपत्र भरल्यावर आपल्या खात्यात जमा धरल्या जातात. त्या किमतीत चढवल्या, तर माल उगाच महाग होतो. त्या मिळेपर्यंत पैसा अडकतो, एवढेच भांडवलात धरावे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल मर्यादेच्या आत असणाऱ्या, नोंदणी नसलेल्या विक्रेत्यालाही अशा मंचांवरून आपल्या राज्यापुरता माल विकता येतो. सुरुवात करणाऱ्यांना मी हा मार्ग सुचवतो, कारण महाराष्ट्रापुरती विक्री असली की भाड्याचा आकडा स्थिर राहतो.

मध, महाबळेश्वर परिसर

आमची विक्री राज्याबाहेरही आहे. निम्मी पार्सले महाराष्ट्रात ६० रुपयांत, १०० पैकी ४० इतर राज्यांत ८५ रुपयांत आणि १० दूरच्या भागांत १२० रुपयांत जातात, असे धरले तर सरासरी ७६ येते, ६० नव्हे. हे प्रमाण सणासुदीला बदलते, म्हणून दर तिमाहीला पुन्हा काढावे. काचेची बाटली पाठवण्याचा मोह आम्ही सोडला. बाटलीचेच वजन टप्पा ओलांडायला लावते आणि फुटीची तरतूद वेगळी करावी लागते.

कंदी पेढे, सातारा

पेढ्यांना मोफत घरपोच आम्ही पुणे आणि मुंबईपुरतेच ठेवले आहे. दुधाचा पदार्थ वेळेत पोहोचायलाच हवा आणि जलद सेवेचे भाडे मिसळून देशभर एकच किंमत लावली, तर पुण्याच्या गिऱ्हाइकावर अन्याय होतो.

तंबोरे आणि सतारी, मिरज

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि दूरदूरून विचारणा येते. ‘मोफत घरपोच’ लिहा, असा आग्रह आम्हालाही होतो. १५० × ५० × ४५ सेंटिमीटरच्या पेटीचे आकारमानी वजन साडेसदुसष्ट किलो भरते, मग आत वाद्य कितीही हलके असो. लाकडी पेटी, भोपळ्याभोवतीचा भराव, विमा आणि भाडे हे सर्व प्रत्येक गावासाठी निराळे असते. ते किमतीत लपवले, तर वाद्याचे खरे मोल घेणाऱ्याला कळत नाही आणि दुकानात येऊन तंबोरा नेणाऱ्यालाही ते भाडे भरावे लागते. आम्ही वाद्याची किंमत आणि पाठवणीचा खर्च वेगवेगळा लिहून देतो. जाणकार गिऱ्हाइकाला हेच अधिक पटते.

भाजणी आणि चटण्या, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. सवलतीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून जोडते. हळदताईंच्या २२६ रुपयांवर दिवाळीची १० टक्के सूट दिली, तर विक्री २०३ रुपये ४० पैशांना होते. १५ टक्के वजावटीनंतर १७२ रुपये ८९ पैसे येतात, खर्च १५७ रुपये, आणि नफा ३५ वरून १६ च्या खाली उतरतो. आपण सूट भाड्यावरही देतो, पण कुरिअरवाला आपल्याला सूट देत नाही. त्यामुळे मी टक्क्यांची सूट बंद केली असून ६९९ रुपयांपुढील मागणीला मोफत घरपोच ठेवले आहे. माझी सरासरी मागणी साडेचारशेची असे. एक भाजणी घेणारे गिऱ्हाईक आता सोबत मेतकूट आणि एखादी चटणी घेते. खोका तोच राहतो, भाडे एकाच टप्प्याने वाढते आणि मालावरचा नफा तिन्ही पाकिटांचा मिळतो. मर्यादा ठरवताना ती सरासरी मागणीपेक्षा एखाद-दुसऱ्या पाकिटाने वर असावी. फार वर ठेवली, तर गिऱ्हाईक टोपली भरायचे सोडून देते. लोणच्यांचा माल करणाऱ्यांनी तेलगळतीसाठी दुहेरी पिशवीचा खर्च कसा धरला आहे, तो अवश्य लिहावा.